मदत हवी आहे: बँकोचं भूत स्टेजवर दाखवायचं की खुर्ची रिकामी ठेवायची?

मंडळी, आम्ही हौशी ग्रुप शेक्सपिअरच्या मॅकबेथमधला मेजवानीचा सीन करतोय (मॅकबेथने मारेकरी घालून मारलेल्या त्याच्या मित्राचं, बँकोचं, भूत जिथे येतं तो) आणि तालमीत रोज एकाच मुद्द्यावर गाडी अडते. दिग्दर्शक म्हणतो भूत फक्त मॅकबेथला दिसतं, लेडी मॅकबेथलाही दिसत नाही, मग प्रेक्षकांना तरी कशाला दाखवायचं, रिकाम्या खुर्चीकडे बघून नट घाबरला की झालं. मला हे पटत नाहीये, कारण १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, सरळ सूचना आहे की बँकोचं भूत येतं आणि मॅकबेथच्या जागेवर बसतं, आणि सायमन फोरमन नावाच्या तेव्हाच्या एका प्रेक्षकाने १६११ मध्ये लंडनच्या ग्लोब थिएटरला प्रयोग बघून जे लिहून ठेवलंय त्यातही भूत मॅकबेथच्या पाठीमागे खुर्चीत बसल्याचं आहे. पण दिग्दर्शक म्हणतो केंबल या नटाने १७९४ ला लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला खुर्ची रिकामीच ठेवली होती, आता बोला!

हॅम्लेटचं एक बरं आहे, तिथलं त्याच्या बापाचं भूत आधी पहारेकऱ्यांना, हॅम्लेटच्या मित्राला होरेशिओला दिसतं, म्हणजे भास म्हणून उडवून लावता येत नाही. पण तेच भूत पुढे हॅम्लेटच्या आईच्या, गर्ट्रूडच्या खोलीत येतं तेव्हा तिला काहीच दिसत नाही. हे असं का, कुणी नीट सांगेल का?

आणि मुख्य म्हणजे ज्यांनी हा सीन केलाय किंवा बघितलाय त्यांनी सांगा, छोट्या हॉलमध्ये, पहिली रांग अगदी स्टेजला चिकटून असताना, रक्ताळलेला बँको आत आला तर लोक हसतात का हो? मला तीच धास्ती आहे. लाईटचं बजेट जवळपास नाहीच.