जेम्स वेब अवकाश दुर्बीण ८ इंची दुर्बिणीतून का सापडत नाही?

निशाचर_पुणे: ८ इंची एफ/५ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, जागा पुण्याबाहेर. नासाच्या जेपीएल हॉरायझन्स या ग्रह-यानांच्या जागा सांगणाऱ्या संकेतस्थळावरून (टार्गेट -१७०) वेबची जागा काढून ३-३ मिनिटांचे फोटो घेतले. त्या जागी ठिपकाच नाही. दुर्बीण कमी पडते का?

पुनर्वसू: दुर्बीण पुरते. आधी हॉरायझन्समधलं 'ऑब्झर्व्हर लोकेशन' (निरीक्षकाची जागा) बघा. डीफॉल्ट पृथ्वीचं केंद्र असतं. वेब साधारण १५ लाख किमीवर आहे, त्यामुळे केंद्रावरून आणि तुमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या जागेत १५ आर्कमिनिटांपर्यंत फरक पडतो (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचाही साठावा). अक्षांश-रेखांश आणि उंची स्वतःची भरा. वेळ यूटीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) द्या, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा.

खगोलवेडा: शिवाय ३ मिनिटं फार होतात. वेबचा वेग कधीकधी मिनिटाला ५ आर्कसेकंदांपर्यंत जातो. मुळात अंधूक असलेला प्रकाश रेघेत पसरून पार्श्वभूमीत बुडतो. २×२ बिनिंग करा, म्हणजे चार पिक्सेल मिळून एक (१.५५ आर्कसेकंद प्रति पिक्सेल), ३० सेकंदांच्या शंभरेक फ्रेम घ्या आणि टायको ट्रॅकर या सॉफ्टवेअरमध्ये वेबच्या वेगाने सरकवत एकमेकांवर रचा (स्टॅक करा).

खरी गोम इथे आहे: हा वेग रात्रभर सारखा नसतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे याम्योत्तर वृत्ताजवळ (आकाशातल्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेजवळ) वेब मिनिटाला साडेतीन आर्कसेकंदांनी पश्चिमेकडे ओढल्यासारखा दिसतो, उगवता-मावळता ही ओढ जवळजवळ नाहीशी होते. म्हणून डोक्यावर असताना तासभराचा स्टॅक चालतो. त्यापासून तीन तास दूर असेल तर एकाच वेगाने केलेल्या स्टॅकमध्ये ठिपका ५ आर्कसेकंदांनी फाटतो. तिथे २० मिनिटांचे तुकडे पाडा आणि प्रत्येकाला हॉरायझन्सचा नवा वेग द्या.

निशाचर_पुणे: लोकेशन जिओसेंट्रिकच (पृथ्वीचं केंद्र) होतं! किती तेजस्वी दिसेल?

पुनर्वसू: हॉरायझन्स त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा) देत नाही. सूर्यढाल सुमारे २१×१४ मीटरची, चकचकीत. वेब कुठल्या लक्ष्याकडे वळलंय त्यावर तिची चमक आपल्याकडे किती येते ते ठरतं. एका रात्री नाही दिसलं तर दुसऱ्या रात्री बघा. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस सोडाच: वेब सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पूर्ण चंद्राच्याच भागात असतं. मार्च-एप्रिलमध्ये ते सिंह-कन्येकडे, तारे विरळ, आकाशही निरभ्र.

ठिपका मिळाला तर फ्रेमचे दोन भाग करून वेगवेगळे स्टॅक करा. दोन्हीत अपेक्षित जागी आला तरच धरा. त्या जागेजवळ कुठला लघुग्रह नाही ना, हे एमपीचेकर या संकेतस्थळावर तपासा. मंगळ-गुरूमधल्या मुख्य पट्ट्यातले लघुग्रह तिथे मिनिटाला अर्ध्या-पाऊण आर्कसेकंदानेच सरकतात.