गुकेश-डिंग १४वा डाव: हत्ती एफ२ मध्ये एवढं काय चुकलं?

तिरपा_उंट: मंडळी, गुकेश-डिंगच्या बुद्धिबळ जगज्जेतेपदाच्या लढतीतला सिंगापूरचा तो १२ डिसेंबर २०२४ चा शेवटचा डाव परत लावून बघितला. डिंगकडे एक प्यादं कमी आहे मान्य, पण दोघांकडे एकेक हत्ती एकेक उंट, प्यादी सगळी एकाच बाजूला, बहुतेक सगळे ड्रॉच धरून बसलेले, आणि ५५व्या चालीला डिंग हत्ती एफ२ या घरात आणतो आणि इंजिन (चाली तपासणारं कॉम्प्युटर) एकदम बोंबलायला लागतं. अरे हत्तीला हत्ती दिला ना, फुकट काय गेलं? कुणीतरी इंजिनचे आकडे न फेकता सांगा.

प्यादेमोड: हत्ती सोड, उंट बघ. डिंगचा उंट ए८ ला, पार कोपऱ्यात, तिथून त्याला एकच तिरपी रेघ मिळते. हत्ती मारामारीत गेले की गुकेश आपला उंट डी५ ला आणतो आणि त्याला राजाचा जोर आहे. आता डिंगचा उंट पळणार कुठे, मारला तर राजा परत मारतो, नाही मारला तर उंटच जातो. मग उरलं काय तर राजे आणि २ विरुद्ध १ प्यादी. डिंगचा राजा ई३, गुकेशचा बरोबर समोर ई५. डिंगनं तिथेच डाव सोडला.

चहा_आणि_चेकमेट: म्हणजे गुकेशला लॉटरीच लागली की. क्लबातला पोरगा पण एवढं बघतो.

प्यादेमोड: चार तास बसून बघ मग 😄 गुण ६.५-६.५, पांढरी डिंगकडे, तरी तोच मोहरे उतरवत ड्रॉकडे चाललेला, कारण ड्रॉ झाला तर दुसऱ्या दिवशी रॅपिड, म्हणजे बरोबरी फोडायचे कमी वेळाचे डाव, होते आणि २०२३ ला अस्तानात नेपोम्नियाचीला त्यानं रॅपिडमध्येच हरवलं होतं. गुकेशनं हात मिळवून मोकळं व्हायचं सोडून एका प्याद्यावर रेटत ठेवलं, वर डिंगचं घड्याळ खाली आलेलं. माझ्या मते चूक डिंगची पण ती वेळ आणली गुकेशनं.

तिरपा_उंट: उंटाचं आत्ता डोक्यात शिरलं. मग खेळायचं काय होतं, हत्ती आहे तिथेच फिरवत राहायचं?

प्यादेमोड: हो, हत्ती पटावर ठेवायचा आणि उंट कोपऱ्यातून बाहेर. कंटाळवाणं आहे पण ड्रॉ आहे.