भाड्याच्या घराचं ब्रोकरेज: एजंटला बोलावतो मालक, मग पैसे भाडेकरूने का द्यायचे?

उंटवाडीकर
ज्याने एजंटला काम सांगितलं, त्यानेच त्याचे पैसे द्यावेत असं माझं मत आहे. आपल्या नाशकात नेमकं उलटं चालतं. फ्लॅट रिकामा झाला की मालक एजंटला फोन करतो, चावी त्याच्या हातात देतो आणि सांगून ठेवतो की फॅमिलीच हवी, बॅचलर नको, शाकाहारी असतील तर उत्तम, वकील-पोलीस तर अजिबातच नको. पुढे एजंट त्या हुकमाप्रमाणे लोक निवडतो. काम मालकाचं, अटी मालकाच्या आणि महिन्याभराचं भाडं ब्रोकरेज म्हणून मोजतो कोण, तर भाडेकरू.

इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडे १५,००० भाड्याचा टूबीएचके घेतला असं धरा. डिपॉझिट ५०,०००, पहिलं भाडं १५,०००, ब्रोकरेज १५,०००, वर कराराचा खर्च. टेम्पो सांगायच्या आधीच ऐंशी हजार गेले. डिपॉझिट निदान परत मिळतं (मिळतं असं धरून चालू), ब्रोकरेज गेलं ते गेलंच. ११ महिन्यांनी करार नवा करायची वेळ आली की काही एजंट पुन्हा अर्ध्या महिन्याचं भाडं मागतात. तेव्हा घर कोणी शोधलेलं असतं?

जर्मनीत १ जून २०१५ पासून कायदाच आहे की भाड्याच्या घरासाठी एजंट ज्याने नेमला, फी त्याची. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून एजंटला भाडेकरूकडून अशी फी घेता येत नाही. न्यूयॉर्क शहरात तर भाडेकरू वर्षाच्या भाड्याच्या १२ ते १५ टक्के मोजायचे. तिथेही ११ जून २०२५ पासून मालकाच्या एजंटचे पैसे मालकानेच द्यायचे असं ठरलं. मग आपल्याकडेच भाडेकरूवर ही मेहेरबानी का?

चावीवाला
मी गंगापूर रोड, कॉलेज रोड पट्ट्यात हाच धंदा करतो, म्हणून बोलतो. दादा, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. अंबडच्या कंपनीत जॉइन होणारा जळगावचा पोरगा मलाच फोन करतो, "भाऊ, सोमवारी ड्युटी आहे, रविवारपर्यंत कायतरी बघा." त्या वेळी काम कोणी सांगितलं? मी माझ्या गाडीवर, माझ्या पेट्रोलने त्याला चार इमारती दाखवतो. पसंत पडल्यावर हेच लोक संध्याकाळी वॉचमनकडून मालकाचा नंबर काढून परस्पर सौदा करतात. मालक तर एकच फ्लॅट पाच एजंटांना सांगून ठेवतो. ज्याने पार्टी बसवली त्याला पैसे, बाकी चौघांच्या हाती धुपाटणं.

सोसायटीची एनओसी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरणं, करारासाठी अंगठे घ्यायला माणूस घरी आणणं, हे सगळं आम्हीच बघतो. एजंट फक्त चावी फिरवतो असं वाटत असेल तर आठवडाभर माझ्या मागे फिरून बघा.

उंटवाडीकर
जळगावच्या पोराने तुम्हाला नेमलं, तर त्याने द्यावेत. मला मान्यच आहे. पण ज्या घराची चावी मालकाने आधीच तुमच्याकडे ठेवलीय आणि जाहिरातही तुम्हीच टाकलीय, त्या घरासाठी तुम्ही कोणाचे एजंट?

चावीवाला
दोघांचा.

जेलरोड_काका
प्रेसमधून निवृत्त झालो आहे, एक फ्लॅट भाड्याने देतो. मी एजंटला अर्ध्या महिन्याचं भाडं देतो, भाडेकरूही तेवढंच देतो. भांडण नाही, कटकट नाही. सगळा बोजा मालकावर टाका म्हणता, टाका. मी भाडं हजार-बाराशेने वाढवीन, की झालं वसूल. पैसे शेवटी भाडेकरूच्याच खिशातून जायचे. परदेशातल्या कायद्याने इथलं गणित बदलत नाही.

सरळव्याज
काका, गणित बदलतं. तुम्ही एजंटचे कायमचे गिऱ्हाईक आहात. आज हा भाडेकरू, दोन वर्षांनी दुसरा. तुम्ही घासाघीस केलीत तर तो ऐकतो, कारण पुढचं काम तुमच्याकडूनच मिळणार. भाडेकरू त्याला एकदाच भेटतो, तेही घाईत असताना. म्हणून भाडेकरूकडून पूर्ण महिना निघतो आणि तुमच्याकडून अर्धा, किंवा काही मालकांकडून काहीच नाही. मालकाला द्यावे लागले तर ब्रोकरेजचा दर आपसूक खाली येईल. मग भाड्यात चढवून चढवणार तरी किती? शेजारच्या बिल्डिंगमध्ये १५,००० ला मिळत असताना तुमच्याकडे १६,२०० ला कोण येईल?

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. भाडेकरू बदलला की एजंटला नवं ब्रोकरेज. मालकाचा त्यात छदाम जात नसेल, तर ११ महिन्यांनी "दोन हजार वाढवा नाहीतर खाली करा" म्हणायला त्याला काय लागतं? हेच महिन्याचं भाडं त्याच्या खिशातून गेलं, तर चांगला भाडेकरू टिकवायची अक्कल त्याला आपोआप येईल.

जेलरोड_काका
माझा भाडेकरू चौथ्या वर्षात आहे. भाडं वाढवलं फक्त पाचशेने. सगळ्या मालकांना एकाच मापाने मोजू नका.

सातपूरची
मी भाडेकरू आहे आणि तरी एजंटच्या बाजूने बोलणार आहे. एकटी राहते, शिफ्टची नोकरी, रात्री अकराला घरी येणं होतं. नुसत्या "एकटीच आहे" या उत्तरावर मालकांनी फोन ठेवलेत. ॲपवर "ब्रोकरेज नाही" लिहिलेली घरं पाहिली, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पलीकडून एजंटच बोलला. शेवटी त्रिमूर्ती चौकातल्या एका एजंटने मालकिणीला समोर बसवून समजावलं, माझं कंपनीचं ओळखपत्र दाखवलं, जबाबदारी घेतली. त्याला पूर्ण महिन्याचे पैसे दिले आणि आनंदाने दिले. त्या दिवशी तो माझ्यासाठी बोलला होता.

घर दाखवायच्या आधीच "व्हिजिट चार्ज" म्हणून पाचशे मागणारेही भेटले, त्यांना मात्र दारातूनच नमस्कार.

उंटवाडीकर
ताई, तुमचा एजंट खरंच तुमचा होता. मी त्याच्याबद्दल बोलतच नाहीये. पण एक सांगा, मालकिणीची एवढी भीती नसती तर तुम्हाला तो लागला असता का? नकार द्यायचा मालकांनी आणि तो मोडून काढायचे पैसे तुम्ही भरायचे.

सातपूरची
नसता लागला. पण मालकिणीची भीती जाईपर्यंत मी काय रस्त्यावर राहू?

कोर्टरोड
थोडं कायद्याचं. भाड्याच्या व्यवहारात ब्रोकरेज कोणी आणि किती द्यायचं, हे सांगणारं कलम महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये नाही. "महिन्याचं भाडं हा नियमच आहे" असं कोणी म्हणालं तर ती फक्त प्रथा समजा. पण याच कायद्याचं कलम ५५ सगळ्यांनी वाचावं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. तरी नाशकात नोंदणी न करता नुसत्या नोटरीवर काम उरकणारे कमी नाहीत, आणि खर्च भाडेकरूच्या माथी असतो तो असतोच.

वरच्याच उदाहरणात ११ महिन्यांच्या करारावर स्टॅम्प ड्यूटी किती? एकूण भाडं १,६५,०००, त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि त्यावर पाव टक्का. साधारण सव्वाचारशे रुपये होतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर थोडं हाताळणी शुल्क आणि माणूस घरी येण्याचे पैसे. एजंट "ॲग्रीमेंटचे पाच हजार" म्हणाला, तर पावती मागा.

चावीवाला
पावती मी देतो साहेब, आणि माझं महारेराचं (घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशनही आहे. सगळ्यांना एका रांगेत बसवू नका.

कोर्टरोड
रजिस्ट्रेशन आहे, चांगलंच आहे. पण रेरा कायद्यातली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे, भाडं त्यात येत नाही. नव्या प्रकल्पातला फ्लॅट विकताना ते रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे. भाड्याच्या घराला मात्र उद्या कोणीही पाटी लावून बसू शकतो. तुमच्यासारख्यांचं नाव खराब होतं ते अशांमुळेच.

आणि "दोघांचा एजंट" हे उत्तर सोपं वाटतं, पण दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याने त्याचं हित पाहायचं असतं. भाडं १५,००० ठरवायचं की १४,०००, या प्रश्नात मालक आणि भाडेकरू दोघांचं हित एकत्र कसं सांभाळणार? त्यात ब्रोकरेज भाड्यावरच ठरतं, म्हणजे भाडं चढलं तर तुमचाही फायदा. दोन्हीकडून घेता, तर दोघांनाही सांगून घ्या.

मिसळ_विथ_दही
मालक म्हणतो भाडेकरू देईल, भाडेकरू म्हणतो मालक देईल. एजंट दोघांकडून घेऊन मिसळ खायला जातो. चालू द्या.

आडगावकर
सिंहस्थाचं कोणी बोललंच नाही. २०२७ जवळ येतंय तसं पंचवटी, तपोवनच्या आसपासचे मालक आतापासूनच "करार सहा महिन्यांचाच" म्हणायला लागलेत. कुंभात चढ्या भावाने देता यावं म्हणून. सहा महिन्यांसाठीही ब्रोकरेज महिन्याचंच! इथे तरी मुदतीच्या हिशोबाने घ्या की भाऊ.

चावीवाला
सहा महिन्यांच्या कराराला मी अर्धंच घेतो. पण मालकाला "तुम्ही द्या" म्हटलं तर तो चावी काढून समोरच्या दुकानात देतो. तिथे मालकाला फुकट आहे. मी एकट्याने नियम पाळून दुकान बंद करू का?

उंटवाडीकर
एकट्याने नाही, तेच तर म्हणतोय. कायदा आला तर समोरच्या दुकानातही फुकट मिळणार नाही. तोवर किमान करार नवा करतानाचं ब्रोकरेज तरी बंद करा.

चावीवाला
करार करून देण्याचा मेहनताना म्हणून हजार घेईन. अर्धा महिना सोडला. काका, तुमच्या जेल रोडच्या फ्लॅटचं पुढचं काम मला द्या, पैसे मात्र तुमच्याकडून.

जेलरोड_काका
अर्धा महिना. एक रुपया जास्त नाही.