ऑफिस सुटल्यावरचा फोन : कायदा हवा की नको?

निंबोणी :
आठवड्याला ७० तास काम करा, हा इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचा सल्ला २०२३ मध्ये आला, एल अँड टीच्या अध्यक्षांचा ९० तासांचा जानेवारी २०२५ मध्ये. त्यावर विनोद भरपूर झाले. आता मुद्द्याचं. सुप्रिया सुळे यांनी 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खासगी विधेयक (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं) लोकसभेत २०१८ मध्ये मांडलं, २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. कामाची वेळ संपल्यावर फोन-मेलला उत्तर दिलं नाही म्हणून कारवाई करायची नाही, हा त्याचा गाभा. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून.

माझ्या मते कायदा हवाच. छंद जोपासा, वेळेचं नियोजन करा, हे सल्ले रात्री अकराला साहेबांचा 'अर्जंट' आला की काही कामाचे नसतात. रविवारची सुट्टी तरी मालकांच्या समजूतदारपणाने मिळाली का? कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून मागत होते. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १० जून १८९० ला मिळाली.

खडूस_काका :
१९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. कशाला वेळ घालवता? आम्ही बँकेत मार्चअखेरीला मध्यरात्रीपर्यंत खातेवह्या जुळवायचो. कुणी मेलं नाही.

निंबोणी :
काका, पुण्यात २०२४ मध्ये २६ वर्षांची सीए नोकरीला लागल्यापासून चार महिन्यांत गेली. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. आणि तुमची मार्चअखेर वर्षातून एकदा यायची. आमची दर पंधरवड्याला असते.

फिरकी :
लोखंड्यांचं उदाहरण इथे बसत नाही. भोंगा झाला की काम गिरणीतच राहायचं. माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. ज्यांना पार्ट देतो ते स्टॉक ठेवत नाहीत, माल पोचला नाही तर त्यांची लाइन थांबते. रात्री दहाला त्यांच्या क्वालिटीवाल्याचा फोन येतो. सुपरवायझरला उचलू नको म्हणू? ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाईल. कायदे मोठ्यांना परवडतात.

निंबोणी :
त्या फोनचे पैसे देता का त्याला? कारखान्यांत ओव्हरटाइम कायद्यानेच दुप्पट दराने आहे, तोही १९४८ पासून. फोनवरचा तास तेवढा फुकट.

फिरकी :
दिवाळीला बोनसमध्ये धरतो. फोनचा हिशोब कुणी लिहून ठेवतं का?

फेज_थ्री :
मी आयटीत असूनही विरोधात. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. कॉल रात्रीच होणार, त्या फरकावरच आमचा पगार चालतो. मला कॉलचा राग नाही. रात्री कॉल घेऊनही सकाळी साडेनऊला हिंजवडीत तोंड दाखवायला लागतं, त्याचा आहे. वाकडपासूनच्या ट्रॅफिकबद्दल तर बोलायलाच नको. रात्र घ्या, सकाळ सोडा, एवढं केलं तरी पुरे. कायदा आलाच तर कामाची वेळ म्हणजे कोणती, हे कंपनीच ठरवणार. ऑफर लेटरमध्ये एक ओळ वाढेल, बस्स.

पोळपाट :
घरी पोचलं की विश्रांती, असं सगळ्यांनी गृहीतच धरलंय. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. ऑफिसचा फोन बंद झाला तर आमच्याकडे एकजण मोकळा होईल, आणि ती मी नसेन. ९० तासवाल्या साहेबांना घरी वाढलेलं ताट मिळत असणार, म्हणून तो आकडा तोंडातून निघतो. कायदा आणा, पण माझी संध्याकाळ त्याने सुटेल असं मला सांगू नका.

धोटा :
इचलकरंजीहून. यंत्रमागावर १२-१२ तासांच्या पाळ्या आजही चालतात आणि मजुरी विणलेल्या कापडावर. आमच्याकडे फोन बंद करायचा प्रश्नच नाही, माग बंद पडला की पोटाला चिमटा. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मान्यता दिली. तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास. त्यावर इथे एक ओळ नाही. कॉलवाल्यांचं दुखणं मात्र लगेच पेपरात.

फिरकी :
आठवड्याचे ४८ तेच आहेत की. १२ चे चार दिवस केले तर तीन दिवस सुट्टी. माझ्याकडची बीडकडची पोरं स्वतःच मागतायत, गावाला जाऊन येता येतं.

धोटा :
आणि पाचव्या दिवशी तुमचा डिस्पॅच अडकला तर?

फिरकी :
बोलवीन. विचारून, डबल देऊन. नाही म्हणाला तर मशिनवर मी उभा राहीन, आत्ताही राहतोच.

पोळपाट :
त्या दिवशी घरी जेवायला किती वाजता येता?