रुळावरचा प्रश्न आणि धुऱ्यावरची तार

काळीमाती (यवतमाळ जिल्हा)

आमच्या गावच्या वाचनालयातील चर्चेत मी ट्रॉलीचा प्रसिद्ध प्रश्न मांडला होता. ब्रेक निकामी झालेली ट्रॉली रुळावरच्या पाच माणसांवर धावून येत आहे. तुम्ही खटका ओढला तर ती बाजूच्या रुळावर वळेल, पण तिथला एक माणूस मरेल. तरुणांनी लगेच पाच आणि एक असा हिशेब केला. एका वयस्क कास्तकारांनी मात्र उत्तर न देता विचारले की ती माणसे रुळावर आली कशी, त्यांना हाक का मारता येत नाही आणि ब्रेक तपासण्याचे काम कोणाकडे होते. हे सगळे या प्रश्नात ठरलेलेच धरायचे असते, असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, “मंग उत्तर तरी कायले इचारता, सर?”

हे मी गंभीरपणे विचारतो आहे, कारण गावात याच हंगामात एक खरा प्रश्न उभा आहे. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) एका रात्रीत हरभऱ्याचे वावर उद्ध्वस्त करतात, म्हणून काही जण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तार ओढून तिच्यात थेट लाइनचा करंट सोडतात. हा गुन्हा आहे हे सर्वांना माहीत आहे, आणि अशा तारेने माणसेही मेली आहेत. तरीही लहान शेतकरी म्हणतो की पीक गेले तर माझे वर्षच गेले. कल्पित प्रसंगांवर घासलेली आपली नैतिक बुद्धी इथे उपयोगी पडते का, की त्या कास्तकारांचा आक्षेपच बरोबर आहे?

तर्कवाचक (वरोरा)

आक्षेप महत्त्वाचा आहे, पण तो त्या प्रश्नाच्या मूळ हेतूला लागू होत नाही. तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ साली हे उदाहरण गर्भपातावरील चर्चेत मांडले, तेव्हा त्यांना रेल्वेबद्दल काहीही ठरवायचे नव्हते. मृत्यू घडवून आणणे आणि मृत्यू होऊ देणे, तसेच जे हेतुपूर्वक केले आणि जे केवळ परिणाम म्हणून ओघाने आले, यांत नैतिक फरक आहे का, हे त्यांना तपासायचे होते. पुढे तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी त्यात बदल करून विचारले की पुलावरच्या एका धिप्पाड माणसाला खाली ढकलून ट्रॉली थांबवता येत असेल तर? हिशेब तोच, पाचांसाठी एक. तरीही खटका ओढायला तयार असलेले पुष्कळ लोक इथे थांबतात. आपल्या मनातले तत्त्व निव्वळ संख्येचे नाही, हे त्यातून उघड होते, आणि एवढे दाखवण्यासाठी बाकीचे सर्व तपशील गोठवावेच लागतात.

घोटाळा होतो तो गोठवलेल्या प्रसंगातून निघालेले उत्तर थेट गावात आणून लावले जाते तेव्हा. तपशील चाचणीपुरते बाजूला ठेवलेले असतात. व्यवहारात ते परत आणावे लागतात, आणि पुष्कळदा निर्णय त्यांच्यावरच ठरतो.

पळसफूल (धानोरा, गडचिरोली)

मी त्या कास्तकारांच्या बाजूने आहे. माणसाचा नैतिक विचार पायरीपायरीने कसा वाढतो हे मोजणारे मानसशास्त्रज्ञ कोहलबर्ग यांच्या संशोधनात हाइन्झ नावाच्या माणसाची गोष्ट होती: पत्नी मरणपंथाला लागली आहे, औषध परवडत नाही, औषधविक्रेता किंमत कमी करत नाही, तर त्याने चोरी करावी का? मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली अकरा वर्षांच्या दोन मुलांची उत्तरे शेजारी ठेवली. मुलाने जीव आणि मालमत्ता यांची तुलना करून चोरी करावी असे सांगितले. मुलगी म्हणाली की आणखी मार्ग असतील, कर्ज काढता येईल, विक्रेत्याशी बोलता येईल. शिवाय हा तुरुंगात गेला तर आजारी बाईकडे कोण पाहील? कोहलबर्ग यांच्या रूढ मापनपद्धतीत अशा उत्तराला खालची पायरी मिळत असे. गिलिगन यांचे म्हणणे असे की त्या मुलीने प्रश्न टाळला नव्हता, तो वेगळ्या ठिकाणाहून पाहिला होता.

आमच्या तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते, आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाची माहिती गोळा करून चर्चा होते. एखाद्याचे मन वळत नसेल तर विषय पुढच्या सभेत जातो. या रीतीत माहिती काढणे आणि तिसरा पर्याय शोधणे हाच नैतिक विचाराचा मोठा भाग असतो, तर कल्पित प्रसंगात तेवढेच नेमके आधीच उरकलेले असते. तुमच्या तारेबद्दलही मी प्रथम हे विचारीन की मेलेला माणूस त्या रात्री तिथे का गेला होता.

ओलितवाला (वर्धा जिल्हा)

मोटार सुरू करायला, असे त्याचे उत्तर बहुतेक वेळा असते. शेतीची थ्री फेज वीज अनेक दिवस रात्रीच मिळते, त्यामुळे ओलित करणारा माणूस बॅटरी घेऊन ओल्या बांधावरून, कधी अनवाणी, शेजाऱ्याच्या धुऱ्याने विहिरीवर जातो. म्हणजे वाटेत आडवे येते ते शेजाऱ्याचे किंवा मजुराचे शरीर, आणि ज्याने तार लावली त्याला ही पायवाट पूर्ण माहीत असते. कागदावरच्या प्रसंगात समोरचा माणूस अनोळखी असतो. इथे तो पोळ्याला तुमच्या बैलांना नैवेद्य देऊन गेलेला असतो. हे नाते आणि आधीपासून असलेली ही माहिती जबाबदारी वाढवते, आणि पीक वाचवण्याचा हेतू होता, माणूस मारण्याचा नव्हता, हा बचाव माझ्या मते इथे टिकत नाही.

पर्यायही दोनच नाहीत. कुंपणाच्या तारेला जोडलेले सौर झटका मशीन क्षणभराचा झटका थांबून थांबून देते, जनावर बिचकून मागे फिरते आणि मरत नाही. थेट तारेत प्रवाह अखंड असतो, स्नायू आखडतात आणि तार सोडवत नाही. मग खरा प्रश्न मशीनचा पैसा कोणाकडे आहे आणि पिकाच्या नुकसानीचा पंचनामा वेळेवर होतो का, इथे येतो.

आणखी एक मुद्दा. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांचा प्रयोग केला: पाच उंदरांना विजेचा झटका बसू द्यायचा, की बटण दाबून तो एकालाच द्यायचा? प्रत्यक्षात कोणत्याही उंदराला झटका दिला नव्हता, पण सहभागींना तो खरा वाटत होता. कल्पित प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, खऱ्या वाटणाऱ्या प्रसंगी कोण बटण दाबील याचा अंदाज बांधता आला नाही. वाचनालयात शहाणे उत्तर देणारा तरुण रात्री दोन वाजता आपल्या वावरात काय करील, हे त्या उत्तरावरून ओळखता येईल असे मला वाटत नाही.

तर्कवाचक (वरोरा)

हे मान्य आहे, आणि ‘तार सोडवत नाही’ हे वाक्य कोणत्याही तत्त्वापेक्षा मला अधिक पटवून गेले. तरी एका ठिकाणी कल्पित प्रसंग मी सोडणार नाही. झटका मशीन सामाईक घ्यायचे ठरले की वर्गणीचा वाद निघेल: जंगलकाठच्या शेतकऱ्याने जास्त द्यावे, की एकरामागे सारखे? तेव्हा तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली मांडलेली कल्पना वापरून पाहावी. आपले वावर जंगलाला लागून आहे की गावठाणाला, दोन एकर आहे की वीस, आपण मालक आहोत की मजूर, हे कोणालाच माहीत नाही असे धरून नियम ठरवायचा. निर्णय त्यातून आपोआप निघणार नाही, पण सभेत मोठ्याने बोलणारा माणूस स्वतःच्या सातबाऱ्यासाठी बोलतो आहे की सर्वांसाठी, एवढे तरी तपासता येते.

काळीमाती (यवतमाळ जिल्हा)

सर्वांचे आभार. पुढच्या बैठकीत मी तारेचाच विषय घेणार आहे, आणि रात्री ओलिताला जाणाऱ्या मजुरांना मुद्दाम बोलावणार आहे, कारण आतापर्यंतच्या चर्चेत ते नव्हतेच. एका गटातील शेतकऱ्यांनी मिळून झटका मशीन घेतले असेल, तर वर्गणी एकरावर धरली की धुऱ्याच्या लांबीवर, आणि बॅटरीची देखभाल कोणाकडे दिली, हे कृपया कळवावे.