कण सोडायचेच नव्हते, तर किरुनाचे उड्डाण का अडले?

उत्तरायण: स्वीडनमधील किरुनाजवळच्या एसरेंज तळावरून जून २०२१ मध्ये हवेत खूप उंचावर बारीक कण फवारून सूर्यप्रकाश परतवायचा आणि पृथ्वी थंड ठेवायची, या कल्पनेचा अभ्यास करणाऱ्या हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘स्कोपेक्स’ प्रकल्पाचा फुगा सोडण्याचे घाटत होते. त्या उड्डाणात केवळ उपकरणे तपासायची होती, हवेत काहीही सोडायचे नव्हते. तरीही तिथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या परिषदेच्या आक्षेपानंतर ते रद्द झाले आणि मार्च २०२४ मध्ये प्रकल्पच गुंडाळण्यात आला. सूर्यप्रकाश परतवण्याच्या या उपायाचे धोके अभ्यासूच दिले नाहीत, तर ते कळणार कसे?

नदीकाठ: पुढच्या टप्प्यातही सुमारे २० किलोमीटर उंचीवर फार तर दोन किलो खडूची भुकटी सोडली जाणार होती, तिच्याने कोणाचे काही बिघडले नसते. आक्षेप होता तो स्थानिकांना न विचारता पाऊल टाकण्याला. प्रकल्पाच्या स्वतःच्याच सल्लागार समितीने स्वीडनमधील लोकांशी, विशेषतः सामींशी, चर्चा होईपर्यंत उड्डाण पुढे ढकलण्याची शिफारस केली होती, हे आपल्या मांडणीत राहून गेले आहे.

दक्षिणवारा: पण विद्यापीठाने विचारायचे आणि बाकीच्यांनी खुशाल उडवायचे, असेच होत असेल तर? ‘मेक सनसेट्स’ या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात कोणाचीही परवानगी न घेता सल्फर डायऑक्साइड भरलेले फुगे सोडले आणि वर ‘कूलिंग क्रेडिट’, म्हणजे अमुक इतका थंडावा दिल्याची प्रमाणपत्रे, विकायला काढली! मेक्सिकोने बंदीची घोषणा केली ती जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे वरातीमागून घोडे. नैरोबीत २०२४ मध्ये भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने या विषयावर मांडलेला ठरावही एकमत न झाल्याने मागे घ्यावा लागला.

मृगनक्षत्र: मला खरी अडचण त्याही पुढे दिसते. पिनाटुबो ज्वालामुखीने १९९१ मध्ये दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि त्यापासून बनलेल्या कणांनी सूर्यप्रकाश परतवला, तेव्हा पृथ्वी सुमारे अर्धा अंश थंड झाली, पण पुढच्या वर्षी जगभरच्या जमिनीवरचा पाऊसही घटला. फवारणी केवळ उत्तर गोलार्धात झाली, तर पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकून आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यात दुष्काळ पडू शकतो, असे संगणकीय प्रारूपे सांगतात. मोसमी पावसावर जगणाऱ्या आपल्यालाही त्याची झळ लागू शकते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत यावर प्रारूपांच्या आधारे काम झाले आहे आणि त्यासाठी फुगा लागत नाही. समजा, फवारणी सुरू असताना मराठवाड्यात सलग दोन वर्षे पाऊस दडी मारून बसला. तो फवारणीने हटला की एरवीही हटलाच असता, हे कोणत्या न्यायालयात सिद्ध करणार, आणि भरपाई कोणाकडे मागणार? शिवाय दरम्यान कार्बन उत्सर्जन तसेच चालू राहिले असेल, तर फवारणी थांबवणेही सोपे नाही, कारण दाबून ठेवलेली तापमानवाढ मग काही वर्षांतच उसळून वर येईल.