सही विसरलेल्या माणसाचे पैसे कोणी सांभाळायचे?

तिकीटखिडकी (धागाकर्ता)

बाबा एसटीत कंडक्टर होते. वय ७९, तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश. गेल्या महिन्यात एफडी मोडायला त्यांना रिक्षाने बँकेत नेलं. सहीच्या चौकटीत त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात आपला बिल्ला नंबर लिहिला आणि पेन खिशाला लावून उठले.

मी मॅनेजरना काय ते खरं सांगितलं. कुलमुखत्यारपत्रही (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) दाखवलं. २०१९ सालचं, बाबा ठणठणीत असताना दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवलेलं. मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाले, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं." एकदा कळलं म्हटल्यावर त्यांना कानाडोळा करता येईना.

१८७२चा करार कायदा, कलम २०१. लिहून देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारपत्र संपलं. ज्या दिवसासाठी ते केलं त्याच दिवशी त्याची रद्दी! वकील म्हणतात, हायकोर्टात जा. बाबांना सांभाळायला येणाऱ्या ब्यूरोच्या मावशींना दर महिन्याला २४ हजार द्यायचे असतात, तारखांवर भागत नाही. माझं मत सरळ आहे. 'माझी बुद्धी गेल्यावरही हा अधिकार चालू राहील' असं लिहून ठेवायची सोय कायद्यात हवी. स्वतःच्या मुलावर विश्वास टाकायला माणसाला न्यायाधीश कशाला लागतो?

जुना पासबुकवाला

३१ वर्षं बँकेत काढली, म्हणून मॅनेजरची बाजू मांडतो. अंगठा घेता आला असता, असं इथे कोणीतरी म्हणेलच. दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा माणूस, अशी ती पद्धत. पण ती हात चालत नसलेल्यासाठी आहे. डोकं चालत नसलेल्याचा अंगठा म्हणजे नुसती शाई.

एकदा एका आजोबांच्या घरी अंगठा घ्यायला गेलो होतो. पुतण्याने स्लिप भरून ठेवलेली, रक्कम साडेचार लाख. मी आजोबांना विचारलं, किती काढायचेत? ते म्हणाले, "चहापुरते." स्लिप तशीच घेऊन परत आलो. पुतण्याने वर तक्रार केली, ती वेगळीच कथा. तुमची सोय झाली की त्या पुतण्याचीही होणार, एवढं लक्षात ठेवा.

गोडाचा शिरा

किती तो काथ्याकूट! आमच्याकडे सासऱ्यांचं सगळं आधीच जॉइंट केलं होतं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणाही एकाची सही चालते. एटीएमचा पिन नवऱ्याला पाठ. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बँकेचा माणूस घरी येतो, सासरे त्याला बसा म्हणतात, झालं काम. कोर्टकचेरी हवी कशाला? बँकेत जाऊन स्वतःहून सांगणं हीच धागाकर्त्याची चूक.

जुना पासबुकवाला

@गोडाचा शिरा, खातेदाराची बुद्धी गेल्याचं बँकेला रीतसर कळलं तर जॉइंट खात्यावरची ती सूचनाही अडते. तुमचं चाललंय ते कोणी विचारलं नाही म्हणून. आणि फ्लॅट विकायची वेळ आली तर तिथे पिन चालत नाही.

मधली बहीण

मी धागाकर्त्याच्या पूर्ण विरोधात. आमच्या आईचं मुखत्यारपत्र भावाकडे होतं. आई मला 'ताई' म्हणून हाक मारायला लागली, तिला मी तिची थोरली बहीण वाटायचे, त्यानंतर आठ महिन्यांनी त्याने त्याच कागदावर गावची सव्वा एकर विकली. निबंधक कार्यालयात कोणी विचारलं नाही की बाई कुठे आहेत, कशा आहेत. कलम २०१ होतं म्हणून निदान दावा लावायला पाय ठेवायला जागा आहे. तुम्हाला हवा तसा कायदा असता तर भावाने तेच कायदेशीरपणे केलं असतं. "स्वतःच्या मुलावर विश्वास" हे वाक्य आमची आईसुद्धा म्हणायची.

काळा कोट

थोडी माहिती, मग मत. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून चौकशी करून मालमत्तेला व्यवस्थापक नेमून घेता येत असे. २०१७च्या नव्या कायद्याने तो रद्द झाला आणि मालमत्तेचं प्रकरण नव्यात आलंच नाही. त्यातला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' उपचारांपुरता, पैशांना त्याने हात लावायचा नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची समिती पालक नेमते, पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. म्हातारपणी विसरायला लागलेला माणूस त्यात बसत नाही.

म्हणून राहतं उच्च न्यायालय, राज्यघटनेचा अनुच्छेद २२६. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली कोमातल्या रुग्णांसाठी पालक कसा नेमायचा याची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या नवऱ्याची पालक म्हणून पत्नीला नेमलं. डॉक्टरांचे अहवाल, मालमत्तेची यादी आणि बाकीच्या वारसांची संमती ही तयारी लागते. ती संमती असेल तर अर्ज बराच सुकर होतो, नसेल तर मात्र तारखा मोजत बसा. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ पडतं.

माझं मत दोघांनाही आवडणार नाही. देखरेख हवीच, पण मावशींच्या पगारासाठी हायकोर्ट हा मार्ग नव्हे. हे काम तालुक्याच्या कोर्टात, एका फॉर्मवर झालं पाहिजे.

लेस्टरची पुरणपोळी

इंग्लंडमध्ये धागाकर्त्याला हवी ती सोय आहे. २००५च्या कायद्याखाली आपण शुद्धीत असताना मुखत्यार नेमायचा, पैशांचा वेगळा, तब्येतीचा वेगळा. तुम्हाला हे समजतंय आणि कोणी दडपण आणत नाहीये, असं तिसऱ्या माणसाने लिहून द्यावं लागतं. सरकारी कार्यालयात नोंद झाल्याशिवाय कागद चालत नाही. मी माझा पन्नाशीतच केला. दोघी मुलींनी मिळूनच सही करायची की एकटीची चालेल, हेही त्यात निवडता येतं. गैरवापर इथेही होतो, पण तक्रार घेऊन कुठे जायचं ते ठाऊक असतं. मात्र भारतातल्या आमच्या फ्लॅटला या कागदाचा काडीचा उपयोग नाही, हे आमच्या वकिलांनी हसत हसत सांगितलं.

तिकीटखिडकी (धागाकर्ता)

@मधली बहीण, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. पण तुमच्या भावाला आजच्या कायद्यानेही अडवलं नाहीच. अडलो तो मी, खरं बोललो म्हणून. जो गप्प बसतो त्याचं काम होतं.

मधली बहीण

खरं आहे. पण मग मुखत्याराचा हिशोब दरवर्षी कोणीतरी तपासेल असं काही मागा. नुसता अधिकार मागू नका.

जुना पासबुकवाला

+१. आणि धागाकर्ते, नॉमिनेशनवर विसंबू नका. ते माणूस गेल्यानंतर कामाला येतं. आज नाही.

तिकीटखिडकी (धागाकर्ता)

ताईची संमती घेतली, सोमवारी वकिलांकडे जातोय. डॉक्टरांचा अहवाल तयार आहे. बाबांचा फोटो काढायचा होता तर त्यांनी आधी कपाटातून टोपी मागून घेतली.

आईचं डोकं लख्ख आहे, म्हणून तिच्या खात्यात आमची नावं घालायचा फॉर्मही आणला होता. 'कोणीही एक' वर मीच खूण करून ठेवली होती. तिने चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाली, "ताईची आणि तुझी, दोन्ही सह्या लागतील असं कर." नवा फॉर्म आणावा लागेल.